मुलांच्या पोटगीचा आदेश कधी बदलता येतो?

मुलाच्या पोटगीचा आदेश एकदा झाला म्हणजे तो मूल सज्ञान होईपर्यंत जसाच्या तसा राहतो, असे नाही. परिस्थिती बदलल्याचे सिद्ध झाले की रक्कम वाढते, कमी होते, प्रसंगी आदेश रद्दही होतो. पोटगी घेणारा आणि देणारा, दोघांनाही त्यासाठी अर्ज करता येतो. फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगीसाठी कलम 125 होते आणि फेरबदलासाठी कलम 127. 1 जुलै 2024 पासून त्यांच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमे 144 आणि 146 आली. जुन्या संहितेखालचे आदेश मात्र त्यामुळे संपलेले नाहीत. ही कलमे धर्म पाहत नाहीत, मूल औरस की अनौरस हेही पाहत नाहीत. हिंदू विवाह कायद्याच्या (1955) कलम 26 नुसार घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यानंतरही मुलांचा ताबा, निर्वाह आणि शिक्षण यांविषयीचे आदेश बदलता येतात. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा (1956) आणि कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा (2005) यांतही अशीच सोय आहे.

फेरबदलाचा अर्ज म्हणजे अपील नव्हे. मूळ आदेशच चुकीचा वाटत असेल तर वरच्या न्यायालयात दाद मागायची असते. फेरबदलाच्या अर्जात प्रश्न एकच असतो: त्या आदेशानंतर काय बदलले? पहिल्या वेळी मांडलेलीच कैफियत पुन्हा मांडली तर अर्ज टिकत नाही. बदलही खरा आणि दखल घेण्याजोगा हवा. एखाद्या महिन्याची ओढाताण त्यात बसत नाही.

रक्कम वाढवून मागण्याचे सर्वांत भक्कम कारण म्हणजे मुलाचे वाढणे. बालवाडीतल्या मुलासाठी ठरलेली रक्कम आठवीत पुरत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण न्यायालयात ते कागदावर दाखवावे लागते. शाळेच्या फीच्या पावत्या, स्कूलबसचा खर्च, वह्या-पुस्तकांची बिले, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या हे सारे वर्षवार लावून ठेवलेले असेल तर अर्जाचे निम्मे काम तिथेच होते. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या प्रकरणात मुलासाठी 1 सप्टेंबर 2013 पासून दरमहा 5,000 रुपये आणि 1 सप्टेंबर 2015 पासून दरमहा 10,000 रुपये अशी अंतरिम पोटगी ठरली होती. अशी चढती रक्कम सुरुवातीलाच मागितली तर दर दोन-तीन वर्षांनी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. वकिलांनी हा मार्ग अधिक वापरायला हवा. याच प्रकरणाच्या 4 नोव्हेंबर 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलाच्या खर्चात अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी आणि शिक्षण यांबरोबर शिकवणीचा खर्चही धरला, मात्र तो वाजवी असावा असे बजावले. दहावी-बारावीच्या क्लासची फी हा चैनीचा खर्च आहे, असा युक्तिवाद त्यामुळे सहज चालत नाही. मुलाला दीर्घ आजार जडणे किंवा अपंगत्व येणे हेही वाढीचे सबळ कारण ठरते.

रक्कम कमी करून मागणाऱ्याचे नेहमीचे कारण म्हणजे उत्पन्न घटणे. कंपनी बंद पडली, अपघाताने काम सुटले, गंभीर आजार झाला, तर न्यायालय सवलत देऊ शकते. स्वतःहून नोकरी सोडली असेल तर गोष्ट वेगळी. लष्करातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या एका पतीची पोटगी उच्च न्यायालयाने 4,000 वरून 2,000 रुपयांवर आणली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये ती पुन्हा 4,000 केली. वाद पत्नीच्या पोटगीचा होता, पण धडधाकट माणसाने जबाबदारी टाळू नये हे त्यामागचे तत्त्व मुलांना अधिकच लागू पडते. पगार रोखीत घेणारे, धंदा भावाच्या नावावर दाखवणारे महाभाग कमी नाहीत. म्हणूनच 2020 च्या निकालाने दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करणे बंधनकारक केले. पगारपत्रक, आयकर विवरणपत्र, बँकेचे उतारे, कर्जाचे हप्ते सगळे त्यात येते. खोटी माहिती देणाऱ्यावर कारवाई होऊ शकते.

वडिलांनी दुसरे लग्न केले आणि त्या संसारात मूल झाले, तर नव्या जबाबदारीचा विचार होतो, पण पहिल्या मुलाचा हक्क त्यामुळे संपत नाही. आईला नोकरी लागली, तर शिक्षणाचा खर्च दोघांच्या कमाईच्या प्रमाणात वाटला जाऊ शकतो. वडील त्यातून पूर्ण मोकळे होत नाहीत. ताबाच बदलला आणि मूल वडिलांकडे राहायला गेले, तर जुना आदेश बदलून घेणे क्रमप्राप्तच असते.

संहितेखालची पोटगी सर्वसाधारणपणे अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत मिळते. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे स्वतःचे पोट भरता न येणाऱ्या सज्ञान मुलाला ती पुढेही मिळते. विवाहित मुलगी यातून वगळलेली आहे. अविवाहित हिंदू मुलीचा हक्क मात्र अठराव्या वर्षी संपत नाही. तिला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल तर 1956 च्या कायद्याच्या कलम 20 खाली दावा करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्येच स्पष्ट केले.

परस्परसंमतीच्या घटस्फोटात ‘यापुढे मुलासाठी काही मागणार नाही’ असे कलम आईकडून लिहून घेण्याची सर्रास पद्धत आहे. तेवढ्याने मुलाचा हक्क बुडत नाही, कारण तो हक्क आईचा नाहीच, मुलाचा आहे. 1956 च्या कायद्याचे कलम 25 तर स्पष्टच सांगते की रक्कम हुकूमनाम्याने ठरलेली असो वा कराराने, परिस्थिती पुरेशी बदलली तर ती बदलता येते.

अर्ज दाखल केला म्हणजे आदेश थांबला, असा गैरसमज अनेकांना महागात पडतो. न्यायालय नवा आदेश देईपर्यंत जुनी रक्कम दरमहा भरावीच लागते. आपल्या मनाने ती निम्मी केली की उरलेली थकबाकी होते. नोकरी गेली असेल तर थकबाकी साचू न देता लगेच अर्ज करणे शहाणपणाचे, कारण मागची थकबाकी माफ होईल या भरवशावर राहता येत नाही. तिच्या वसुलीसाठी वॉरंट निघते आणि तरीही पैसे न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. संहितेखाली असे वॉरंट मागणाऱ्यालाही मुदत पाळावी लागते: रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो.