डोंगर, तंबू आणि चार चाकं

2010 च्या ऑक्टोबरात महिंद्राची पहिली थार बाजारात आली, तेव्हा नवी मुंबईतल्या उलव्याचा बराचसा भाग सिडकोच्या नकाशावरच होता. मोजक्या इमारती, अर्धवट रस्ते, आजूबाजूला भातखाचरं, खाडी आणि पलीकडे उलव्याचा डोंगर. आज इथल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये थार, जिमनी, गुरखा अशा गाड्या दिमाखात उभ्या असतात. शनिवारी पहाटे त्या सुरू झाल्या की कोण भंडारदऱ्याला निघालं आणि कोण पवनेला, हे अख्ख्या विंगला कळतं. मधल्या पंधरा वर्षांत रानात रात्र काढण्याची आपली रीतच पालटली. ती कशी पालटली, हे बघायला उलव्यासारखी जागा नाही.

त्याआधी मुक्काम होत नव्हते असं नाही. मुंबईची गिरिविहार ही गिर्यारोहण संस्था 1954 ची, पुण्याची गिरिप्रेमी 1982 ची. गो. नी. दांडेकरांनी किल्ले पालथे घातले आणि त्यांचं वाचून कितीतरी पोरं पाठीला पिशव्या लावून बाहेर पडली. या सगळ्यांचा खरा आधार होता एसटीची मुक्कामी गाडी. संध्याकाळी तालुक्याहून सुटायची, शेवटच्या गावात देवळापाशी विसावायची. ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच जेवायचे, तिथेच झोपायचे आणि पहाटे तीच गाडी परत. तिच्यातून उतरायचं, मारुतीच्या देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत पथारी टाकायची, कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी सांगून ठेवायची. पन्नासेक माणसं वाहणारी ती अवजड गाडी रात्रभर गावात उभी असे, पण तिचा कुणाला त्रास नसे. इंजिन बंद केल्यावर तिच्यात चालू राहण्यासारखं काही उरतच नसे.

मोठ्या गाडीचं आणि साध्या मुक्कामाचं हाडवैर आहे, असं म्हणूनच मला वाटत नाही. वारीचंच बघा. आळंदी ते पंढरपूर वाट अडीचशे किलोमीटरच्या आसपासची. दिंडीचा ट्रक शिधा, भांडी, तंबू घेऊन पुढच्या तळावर जातो आणि माणसं मागून चालत येतात. ओझं चाकांवर, माणूस पायांवर. (हल्ली तळावर जनरेटरही धडधडतात, ते सोडा.)

बदल आधी दिसला तो पवनेच्या काठावर, आणि गंमत म्हणजे तो अवाढव्य गाडीने आणला नाही, छोट्याशा घुमटी तंबूने आणला. पवना धरण सत्तरच्या दशकातलं. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे कित्येक दशकं लोंबकळत राहिला. 9 ऑगस्ट 2011 ला पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. त्यानंतरच्या वर्षांत याच काठावर तंबूंच्या रांगा लागल्या. त्यातले बरेच आजूबाजूच्या गावांतल्या तरुणांनी लावलेले. ज्या पाण्याने शेत नेलं, त्याच पाण्याच्या काठाने चार पैसे दिले. शहरातल्या माणसाने त्यांच्यापुढे शांततेचं प्रवचन झोडावं हे मला पटत नाही. पण गिऱ्हाईक स्पीकर मागतं, म्हणून स्पीकर आले. स्पीकरला वीज लागते, म्हणून जनरेटर आले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, असा नियम 2000 सालापासून आहे. कित्येक शनिवारी तो पाळला जातो असं काठावर बसून तरी वाटत नाही.

मग करोना आला. हॉटेलची भीती, विमानं बंद आणि हातात गाडीची किल्ली. 2 ऑक्टोबर 2020 ला नवी थार विक्रीला आली, तीही ऑटोमॅटिक गिअर आणि कडक छप्पर घेऊन. म्हणजे ऑफिसला नेता येईल अशी. 2021 मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्याच वर्षी केरळने ‘केराव्हॅन’ जाहीर केलं. 2022 मध्ये महिंद्राने आयआयटी मद्रासमध्ये वाढलेल्या एका नव्या कंपनीशी करार केला आणि बोलेरोच्या पिकअपवर झोपायची, स्वयंपाकाची, शौचालयाची सोय असलेली गाडी जाहीर केली. हौशी मंडळी त्याआधीपासूनच टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग ठोकत होती. पण जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ रचनेत मनमानी फेरफार चालणार नाहीत असं बजावलं आणि आरटीओच्या दारात अशा कित्येक स्वप्नांची हवा गेली.

अमेरिकेत हे प्रकरण कुठवर गेलंय ते पाहिलं की आपली थार खेळणं वाटते. कोलोरॅडोतली अर्थरोमर ही कंपनी फोर्डच्या एफ-750 ट्रकच्या सांगाड्यावर फिरतं घर बांधते आणि त्याची किंमत दहा लाख डॉलरच्या वर जाते. त्यात सौर पॅनेल आणि भल्यामोठ्या बॅटऱ्या असतात, म्हणजे आवाजाच्या बाबतीत ते पवनेच्या जनरेटरपेक्षा सभ्य ठरेल. तरीही ते राजमाचीच्या वाटेवर आणून बघा. वळण रुंद करावं लागेल, फांद्या छाटाव्या लागतील, उधेवाडीत ते वळवायला एखाद्याचं खाचर सपाट करावं लागेल.

माझं भांडण आहे ते इथे. घोंगडी टाकणारा माणूस जागा आहे तशी घेतो. दगड टोचला तर कूस बदलतो. गाडी जितकी मोठी आणि सोयीची, तितकी जागाच तिच्या मापाची करून द्यावी लागते. कॅराव्हॅन पार्क म्हणजे तरी काय? सपाट जमीन, वीज, पाणी, सांडपाण्याची वाट, आत-बाहेर करायला रस्ता. आणि जागा म्हणजे नुसती जमीन नव्हे, अंधारही. मेअखेरीस भंडारदऱ्याला काजवे बघायला रांगा लागतात. काजव्यांचा सगळा व्यवहार अंधारातल्या उघडझापीवर चालतो. आणि घाटातून एकामागून एक हेडलाइट उतरत येतात. वनखात्याने गेल्या काही हंगामांत रात्रीच्या प्रवेशाला वेळेचं बंधन घातलं, ते योग्यच केलं.

जागा मापाची करून घेणं म्हणजे काय, हे उलव्याच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. आमचा नव्वदेक मीटरचा डोंगर सुरुंग लावून उतरवला, उलवे नदीचं पात्र वळवलं, दहा गावं हलवली. 18 फेब्रुवारी 2018 ला नवी मुंबई विमानतळाचं भूमिपूजन, 8 ऑक्टोबर 2025 ला उद्‌घाटन. धावपट्टीला सपाट जमीनच लागते, विमान काही चढावर उतरत नाही, आणि त्या विमानतळाच्या भरवशावरच आम्ही इथे फ्लॅट घेतले हेही खरं. पण ज्यांनी खिडकीतून डोंगर उतरताना पाहिला, त्यांनीच एका रात्रीच्या झोपेसाठी मावळातला एखादा माळ सपाट करून मागावा, हे मला विचित्र वाटतं.

पण माणूस गाडी का घेतो, तेही बघायला हवं. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतूचं उद्‌घाटन झालं. 21.8 किलोमीटर. शिवडीची गाडी आता वीसेक मिनिटांत आमच्या दाराशी येते आणि पुढे मुंबई-गोवा महामार्गाला लागते. त्याचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे, तेव्हा ऑफ-रोडची हौस तिथेच फिटायला हरकत नसावी. त्याच महिन्यात लोकल उरणपर्यंत गेली. उलव्याहून रेल्वेने निघण्याची सोय तर त्याआधीपासूनच होती, पण अडचण स्टेशनच्या पुढची आहे. 2021-22 च्या एसटी संपात गावोगावच्या फेऱ्या ठप्प झाल्या. मुक्कामी गाडीच्या भरवशावर बेत आखायची सवय त्याआधीच मोडत आली होती, ती तेव्हा पुरती मोडली. कसाऱ्याला शेअर जीप मिळते, पण भरली की सुटते, आणि रविवारी दुपारनंतर परतीची मिळेलच असं नाही. दोन-तीनदा असं ताटकळलं की माणूस कर्ज काढून गाडी घेतो. आणि हप्ते चालू आहेत म्हटल्यावर दर शनिवारी ती बाहेर काढावीच लागते.