काळोख, कॅमेरा आणि ग्रहण

आकाशाचे छायाचित्र घ्यावयाचे म्हणजे मोठी दुर्बीण हवी, महाग कॅमेरा हवा, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. वस्तुतः या छंदाचे पहिले साधन कोणत्याही दुकानात मिळत नाही. ते साधन म्हणजे काळोख. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी असलेल्या पांढुर्णा व सौंसर या तालुक्यांजवळ हे साधन अद्याप बऱ्याच प्रमाणात शिल्लक आहे. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात मोडणाऱ्या या दोन तालुक्यांचा २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. येथल्या संत्र्यांच्या बागांत रात्रीच्या विजेवर ओलित करणारा शेतकरी जे आकाश सहज मान वर करून पाहतो, ते पाहण्यासाठी मोठ्या शहरातील माणसाला आता कित्येक कोस प्रवास करावा लागतो. या आकाशाचा उपयोग कसा करून घ्यावा, आणि विशेषतः ग्रहणाच्या छायाचित्रणाची तयारी त्यातून कशी करावी, हा येथे विचाराचा विषय आहे.

विदर्भाच्या भूमीला या बाबतीत एक थोर पूर्वपीठिका आहे. २२ जानेवारी १८९८ या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून शिरून ईशान्येकडे गेला. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर यांचे पथक होते. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी आपला तळ दिला होता. वऱ्हाडात, पांढुर्ण्याच्या दक्षिणेस सुमारे शंभर किलोमीटरांवर असलेल्या तळणी या लहानशा रेल्वे स्टेशनाच्या गावी ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी उतरली होती. त्यांत ॲनी माँडर ही विदुषी होती. तिच्याजवळचा कॅमेरा अगदी लहान होता. त्याच्या भिंगाचा व्यास अवघा दीड इंच होता. परंतु सूर्याच्या प्रभामंडलाचे दूरवर पसरलेले फिकट किरण टिपावयाचे, तर विस्तृत आकाश एकदम घेणारे भिंग हवे, हा विचार तिने आधीच केला होता. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटे टिकली. तेवढ्या अवधीत तिच्या काचेवर उमटलेला प्रभामंडलाचा किरण तोवर छायाचित्रात आलेल्या कोणत्याही किरणापेक्षा लांब होता.

ही हकीगत सांगण्याचे कारण असे, की ते यश यंत्राच्या मोठेपणाचे नव्हते. ते पूर्वतयारीचे होते. ग्रहण कोणासाठी थांबत नाही. बटण कोठे आहे, भिंग नेमके कोठे फिरवावे, बॅटरी किती वेळ पुरेल, हे प्रश्न त्या घटकेला पडले तर संधी गेलीच म्हणून समजावे. म्हणून ग्रहणाचे छायाचित्रण ग्रहणाच्या रात्री शिकता येत नाही. ते त्यापूर्वीच्या अनेक साध्या, काळोख्या रात्रींत शिकावे लागते.

पहिला धडा उत्तरेकडे तोंड करून घ्यावा. सौंसरहून छिंदवाड्याकडे जाणारा रस्ता सिल्लेवानीचा घाट चढतो. त्या बाजूस डोंगर व जंगल असल्यामुळे उत्तरेचे आकाश दक्षिणेच्या मानाने काळे राहते. या भागाचा अक्षांश सुमारे साडेएकवीस अंश असल्याने ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवर दिसतो. ट्रायपॉडवर कॅमेरा घट्ट बसवून, ध्रुवाकडे रोखून, ओळीने तासभर चित्रे घेतली आणि नंतर ती संगणकावर एकावर एक बसवली, की प्रत्येक तारा ध्रुवाभोवती पंधरा अंशांची कंसाकार रेघ काढतो. पृथ्वीच्या परिवलनाचा याहून सोपा पुरावा नाही. याच धड्यात ट्रायपॉडचा कंप, वाऱ्याचा झोत व भिंगावर साचणारे दव यांची ओळख होते.

दुसरा धडा म्हणजे तारे रेघांऐवजी बिंदूंसारखे उमटविणे. आकाश दर सेकंदाला पंधरा विकला सरकते. म्हणून शटर फार वेळ उघडे ठेवून चालत नाही. यासाठी एक ढोबळ हिशेब प्रचलित आहे. ५०० या संख्येला भिंगाच्या मिलिमीटरांतील नाभीय अंतराने भागावे. जो भागाकार येईल तितके सेकंद शटर उघडे ठेवता येते. २० मिलिमीटरांच्या भिंगाला २५ सेकंद, ५० मिलिमीटरांच्या भिंगाला १० सेकंद. हा हिशेब जुन्या फिल्मच्या आकाराच्या सेन्सरसाठी आहे. सेन्सर लहान असेल, किंवा त्यावरील बिंदू फार बारीक असतील, तर काळ निम्म्यावर आणणे बरे. भिंगाचे छिद्र एफ २.८ इतके मोठे व आयएसओ १६०० ते ३२०० यांच्या दरम्यान ठेवून आरंभ करावा. स्वयंचलित फोकस अंधारात निरुपयोगी ठरतो. पडद्यावर एखादा ठळक तारा मोठा करून पाहावा आणि तो अगदी लहान टिंबाएवढा होईपर्यंत भिंग हाताने फिरवावे. बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. चित्र रॉ स्वरूपात साठवावे. एकाच दृश्याची सोळा चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढली, तर चित्रातील खरखर चौथ्या हिश्श्यावर येते. हे गणित ज्याने जाणले, त्याला साधा कॅमेराही पुष्कळ काही देतो. हाताने मांडणी बदलता येणारा मोबाइल फोनदेखील ट्रायपॉडवर बसवला असता आरंभास पुरेसा होतो.

तिसरा धडा आकाशगंगेचा. तिचा तेजस्वी मध्यभाग धनू राशीच्या दिशेस आहे. एप्रिलच्या मध्यास तो रात्री साडेअकराच्या सुमारास आग्नेयेस उगवतो. पांढुर्णा व सौंसर येथून पाहता साधारण त्याच बाजूच्या क्षितिजावर नागपूर शहराच्या दिव्यांची फिकट झळाळी असते. म्हणून उगवतीस घेतलेले चित्र धुरकट येते. पहाटे चारच्या पुढे हा भाग दक्षिणेस सुमारे चाळीस अंश उंच चढतो व त्या झळाळीच्या वर निघतो. चित्र घेण्याची वेळ ती. मात्र संधिप्रकाश लवकरच फाकू लागतो, याचे भान ठेवावयास हवे. जूनपासून पावसाळा सुरू होतो व आकाश झाकले जाते. म्हणून मार्च ते मे या महिन्यांतील अमावास्येच्या आगेमागेच्या रात्री मोलाच्या समजाव्यात. डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. पांढऱ्या विजेरीचा एक झोत ती सवय क्षणात मोडतो. तेव्हा विजेरीवर लाल कागद लावावा. दुसऱ्याच्या शेतात जावयाचे तर मालकास आधी सांगावे, एकट्याने जाऊ नये, आणि विंचूकाट्याच्या दिवसांत पायांत बूट असावेत, हेही तितकेच महत्त्वाचे.

एवढी तयारी झाली, की चंद्रग्रहणाकडे वळावे. त्यात डोळ्यांना कसलाही धोका नाही आणि अवधी भरपूर असतो. अडचण निराळीच असते. पूर्णचंद्राचे चित्र आयएसओ १००, छिद्र एफ ८ व सेकंदाचा अडीचशेवा भाग इतक्यात येते. तोच चंद्र पृथ्वीच्या छायेत पुरता बुडाला, की त्याचे तेज हजारो पटींनी घटते. मग आयएसओ ८०० व छिद्र एफ ४ ठेवून एक ते चार सेकंद लागतात. पृथ्वीच्या वातावरणातून वळून आलेला तांबूस प्रकाश तेवढाच त्यावर पडत असतो, आणि वातावरणात धूळ वा ज्वालामुखीची राख अधिक असेल तर ग्रासित चंद्र आणखी काळवंडतो. २०० मिलिमीटरांच्या भिंगातून सेन्सरवर पडणारी चंद्राची प्रतिमा दोन मिलिमीटरांहूनही लहान असते. तिच्यासाठी अडीच सेकंदांपेक्षा अधिक वेळ शटर उघडे ठेवल्यास कडा पुसट होतात. तेव्हा काळ न वाढवता आयएसओ वाढवावा. ही तडजोड ज्याने आधी ताऱ्यांवर करून पाहिली आहे, तो ग्रहणात गोंधळत नाही.

अशी एक उत्तम संधी ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री आहे. त्या रात्रीचे खग्रास चंद्रग्रहण भारतातून आरंभापासून अखेरपर्यंत दिसावयाचे आहे. साडेआठनंतर ग्रास लागेल, आणि पावणेदहा ते अकराच्या दरम्यान चंद्र पूर्णपणे छायेत असेल. ७ सप्टेंबर २०२५ चे खग्रास ग्रहण पावसाळ्यात आले होते. हे ग्रहण हिवाळ्यात, आकाश कोरडे असण्याच्या दिवसांत येत आहे. चंद्र मिथुनेत, मृग नक्षत्राच्या जवळ, आकाशगंगेच्या कडेला असेल. पौर्णिमेच्या चांदण्यात जे तारे बुजून जातात, ते खग्रासाच्या तासाभरात पुन्हा उगवल्यासारखे प्रकटतील. २४ किंवा ३५ मिलिमीटरांच्या भिंगात तांबडा चंद्र आणि मृगाच्या पोटातील बाणाचे तीन तारे एकाच चौकटीत बसविता येतील. शहरातील माणसाला तांबडा चंद्र दिसेल, परंतु त्याच्याभोवती हे तारे फारसे दिसणार नाहीत. काळोख्या माळरानाचे मोल नेमके येथे कळते.

सूर्यग्रहणाची गोष्ट वेगळी. तेथे उतावीळपणाला क्षमा नाही. सूर्यासाठी बनविलेला गाळणी-पडदा भिंगाच्या पुढच्या बाजूस लावल्यावाचून कॅमेरा सूर्याकडे वळवू नये. डोळ्यांसाठी प्रमाणित ग्रहण-चष्मा वापरावा. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म व पाण्यातील प्रतिबिंब हे जुने उपाय दृष्टीला घातक आहेत. दृष्टिपटलाला वेदना होत नाही. म्हणून इजा झाल्याचे तत्काळ कळत नाही, आणि ती पुष्कळदा कायमची असते. पडदा काढावयाचा तो केवळ खग्रासाच्या मिनिटांत, आणि भारतात तशी मिनिटे विरळा. ११ ऑगस्ट १९९९ व २२ जुलै २००९ ही दोन्ही खग्रास ग्रहणे भर पावसाळ्यात येऊन बऱ्याच ठिकाणी ढगांत हरवली. यापुढे २० मार्च २०३४ च्या ग्रहणाचा खग्रास पट्टा काश्मीर-लडाखच्या भागातून जाईल.

या साऱ्या विद्येचा पाया असलेला काळोख मात्र हळूहळू ओसरत आहे. महामार्गालगतचे ढाबे, बोरगावची औद्योगिक वसाहत, गावोगाव लागलेले पांढरे एलईडी दिवे यांची गरज कोणी नाकारणार नाही. प्रश्न दिव्याचा नसून त्याच्या दिशेचा आहे. जो प्रकाश रस्त्यावर न पडता वर जातो, त्याने कोणाची वाट उजळत नाही. केवळ विजेचे बिल वाढते, रात्रीचे पाखरू भरकटते आणि आकाश धुपते. यावरचा उपाय दूरचा नाही. सौंसरच्या पूर्वेस, महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी परिसरातील गावांमधले रस्त्यांचे दिवे बदलून प्रकाश जमिनीकडेच पडेल अशी व्यवस्था करण्यात आली. दिव्यावर झाकण, पिवळसर प्रकाश आणि मध्यरात्रीनंतर अनावश्यक दिवे बंद, एवढे तीन नियम कोणत्याही ग्रामपंचायतीला व नगरपालिकेला पाळता येण्याजोगे आहेत.

एखाद्या शाळेने येत्या अमावास्येला गावाबाहेरच्या एका ठरावीक जागेवरून मृग किंवा सप्तर्षी यांचे चित्र घ्यावे. कॅमेरा, भिंग व मांडणी यांची नोंद ठेवून दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागेवरून, त्याच रीतीने ते पुन्हा घ्यावे. तीन-चार वर्षांत विद्यार्थ्यांचा हात तयार होईल, आणि कोणत्या वर्षी किती तारे चित्रातून गळाले, हेही गावाच्या हाती येईल. ताऱ्यांची ही नोंद पंचायतीसमोर ठेवणे कोणत्याही भाषणाहून अधिक परिणामकारक ठरेल.