निवळ पाणी आणि शुद्ध पाणी

भिवंडीच्या नारपोली भागांत यंत्रमागांचा खडखडाट नित्याचाच आहे. मागावर चढविण्यापूर्वीं ताण्याच्या सुताला खळ द्यावी लागते. विणलेलें कापड पुढें रंगाच्या कुंडांत जातें. दोन्ही कामीं पाणीच लागतें. परंतु खळीचें पाणी आणि रंगकुंडांतील मिठाचें पाणी यांचा स्वभाव भिन्न आहे. हा भेद ध्यानांत आला, म्हणजे विरघळणें म्हणजे काय हें सहज उमगतें.

मिठाचा खडा सोडियम व क्लोरीन यांच्या विद्युद्भारित कणांचा रचलेला असतो. या कणांस आयन म्हणतात. पाण्याच्या रेणूचें एक अंग किंचित् ऋण व दुसरें किंचित् धन असतें. असे असंख्य रेणू खड्यास भिडून एकेक आयन ओढून काढतात व त्याभोंवतीं कडें करितात. मीठ नाहीसें होत नाहीं. त्याचे कण पाण्यांत सर्वत्र विखुरतात. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते आऱ्हेनियस यांनीं हा आयनांचा सिद्धांत १८८७ सालीं मांडला. १९०३ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. या विरघळण्यासही मर्यादा आहे. साधारण तपमानास १०० ग्रॅम पाण्यांत सुमारें ३६ ग्रॅम मीठ मावतें. अधिक टाकल्यास तें तळाशीं राहतें.

खळीची गोष्ट निराळी. मक्यासारख्या धान्याचें सत्त्व थंड पाण्यांत विरघळत नाहीं; ढवळून ठेवल्यास खालीं बसतें. उकळतांना त्याचे दाणे फुगून फुटतात व दाट खळ होते. तिचे कण मिठाच्या आयनांहून कितीतरी मोठे असतात. अशा मिश्रणास कलिल म्हणतात. हा वर्ग टॉमस ग्रॅहॅम यांनीं १८६१ मध्यें वेगळा ओळखला. खळ सुतावर वाळून पातळ पापुद्रा होतो, आणि मागावरील घर्षणांत सूत तुटत नाहीं.

रंगकुंडांत मीठ घालण्याचें कारण वेगळें. पाण्यांत सुती तंतूंवर किंचित् ऋणभार येतो. अनेक रंगांचे आयनही ऋणभारितच असतात, म्हणून दोघे एकमेकांस दूर लोटतात. मिठांतील धनभारित सोडियम हा विरोध शमवितो व रंग कापडाकडे वळतो. काम संपल्यावर रंग बराचसा कापडांत बसतो. मीठ मात्र जवळजवळ सगळें पाण्यांतच उरतें.

येथेंच खरी अडचण आहे. तुरटीनें गढूळपणा व कलिल कण एकत्र येऊन तळाशीं बसतात, आणि सांडपाणी निवळ दिसूं लागतें. पण विरघळलेलें मीठ तुरटीस दाद देत नाहीं. तें फडक्यांतून व वाळूंतूनही सुखेनैव पार होतें. तें काढण्यास पाण्याची वाफ करून ती थंड करावी लागते, किंवा पाणी मोठ्या दाबानें अतिसूक्ष्म पडद्यांतून ढकलावें लागतें. दोन्ही उपाय खर्चाचे आहेत. असें पाणी तसेंच सोडल्यास नाल्यावाटे विहिरी व शेतें खारावतात.

घरच्या पाण्यासही हाच नियम लागू आहे. उकळण्यानें रोगजंतू मरतात. मीठ मात्र जात नाहीं, उलट पाणी आटल्यानें त्याचें प्रमाण वाढतें. म्हणून पाण्याची परीक्षा केवळ डोळ्यांनीं न करतां प्रयोगशाळेंत करवून घेणें इष्ट होय.