जहाजावरचे न्हाणीघर : जागा, पाणी आणि भाडे

चंदीगड शहर ज्या गावांच्या जमिनीवर उभे राहिले, ती गावे त्या काळी अंबाला जिल्ह्याच्या खरड तहसिलीत मोडत होती. समुद्र तेथून फार दूर. तरीही या नव्या राजधानीची आखणी १९५१ मध्ये ज्याच्याकडे आली, तो वास्तुशिल्पज्ञ ल कॉर्बुझिए हा जहाजांचा मोठा चाहता होता. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने आगबोटींची छायाचित्रे छापून, घरे बांधणाऱ्यांनी जहाजे बांधणाऱ्यांकडून धडा घ्यावा, असे आग्रहाने सुचविले होते. चंदीगडचे काम चालू असतानाच, १९५२ च्या सुमारास, त्याने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठी एक लाकडी झोपडी बांधली. ती ३.६६ मीटर लांब आणि तितकीच रुंद होती. पलंग, मेज, कपाट आणि एका कोपऱ्यात शौचकूप एवढे सारे त्याने तीत बसविले. माणसाला कमीत कमी किती जागा पुरते, हा जहाजबांधणीतील जुना प्रश्न त्याने अशा रीतीने जमिनीवर आणून सोडविला.

परंतु जमिनीवर हा प्रश्न पुष्कळ सोपा असतो. घराच्या न्हाणीघरात पाणी कोठून तरी नळाने येते आणि मोरीतून कोठेतरी निघून जाते. येण्याची व जाण्याची चिंता घरमालकाने करावयाची नसते. ती नगरपालिका करते. जहाजावर नगरपालिका नाही. तेथे पाणी बरोबर न्यावे लागते किंवा तयार करावे लागते, मैला सांभाळून ठेवावा किंवा शुद्ध करावा लागतो, आणि ही सारी व्यवस्था डुलणाऱ्या पोलादी पेटीत बसवावी लागते. म्हणून सहलीच्या लहान जहाजावर केबिनला जोडलेले दीड-दोन चौरस मीटरांचे न्हाणीघर ही साऱ्या केबिनीतील सर्वांत महाग जागा ठरते. उतारू जे जास्त भाडे मोजतो, त्यातील बराच भाग तो नकळत या जागेसाठी मोजत असतो. त्याचा मोबदला त्याला मिळतो की नाही हे ठरविण्यासाठी ही जागा कशी चालते ते समजून घेतले पाहिजे.

महाराष्ट्रातील वाचकाला याचे जवळचे उदाहरण मुंबई–गोवा जलमार्गावर सापडते. पूर्वी या मार्गावर कोकण बोटी चालत. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत त्या जात. पुष्कळ ठिकाणी उतारूंना पडावातून बोटीपर्यंत नेत, आणि बहुतेक उतारू डेकवर पथारी पसरून रात्र काढीत. स्वतंत्र न्हाणीघराचा विचारही त्यांच्या मनाला शिवत नसे. त्याच मार्गावर २०१८ च्या ऑक्टोबर महिन्यात ‘आंग्रिया’ हे सहलीचे जहाज सुरू झाले. कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणारे हे सुमारे १३१ मीटर लांब व १७ मीटर रुंद जहाज मूळचे जपानी बनावटीचे असून पूर्वी तिकडे बेटांवरच्या उतारूंची ने-आण करीत असे. त्यात १०४ खोल्या होत्या आणि सुमारे ४०० उतारूंची सोय होती. सामुदायिक शयनकक्षापासून कुटुंबाच्या खोलीपर्यंत राहण्याच्या जागांचे अनेक वर्ग होते, आणि वर्गागणिक भाडे बदलत असे.

भाड्यात असा फरक का पडतो, हे साध्या हिशेबाने कळते. समजा, दोन माणसांमागे एक याप्रमाणे ४०० उतारूंना २०० न्हाणीघरे दिली, आणि प्रत्येकाला सव्वा मीटर बाय दीड मीटर, म्हणजे सुमारे १.९ चौरस मीटर जागा लागली. एकूण ३८० चौरस मीटर जागा खर्ची पडली. जहाजाची लांबी व रुंदी यांचा सरळ गुणाकार सुमारे २,२३० चौरस मीटर येतो, आणि दोन्ही टोकांना ते निमुळते असल्याने प्रत्यक्ष डेक त्याहूनही लहान असतो. म्हणजे एका पूर्ण डेकचा सहावा भाग निव्वळ न्हाणीघरांनी व्यापला. याउलट २५ माणसांमागे एक सामायिक न्हाणीघर ठेवले, तर १६ न्हाणीघरांना ३० चौरस मीटर पुरतात. उरलेल्या जागेत आणखी बिछाने बसतात. मालकाच्या दृष्टीने हे गणित फार मोहक आहे.

उतारूच्या दृष्टीने ते तितकेसे मोहक नाही. मुंबईहून संध्याकाळी निघून सकाळी गोव्याला पोहोचणाऱ्या जहाजावर सर्वांना एकाच वेळी, म्हणजे पहाटेच्या दोनेक तासांत, आंघोळ करावयाची असते. एका माणसाला दहा मिनिटे धरली तर दोन तासांत एका न्हाणीघरात बाराजणांचे आटोपते. बाकीचे तेराजण टॉवेल खांद्यावर टाकून उभे राहतात किंवा आंघोळीवाचून उतरतात. सामायिक व्यवस्था चांगली की वाईट, हा प्रश्नच म्हणून अपुरा आहे. किती माणसांमागे एक, हे विचारले पाहिजे, आणि जाहिरातीत नेमका तोच आकडा सहसा नसतो.

आता पाण्याकडे वळू. फवाऱ्यातून मिनिटाला दहा लिटर पाणी पडते असे धरले, तर पाच मिनिटांच्या स्नानाला ५० लिटर लागतात. ४०० माणसांचे २०,००० लिटर, म्हणजे वीस टन झाले. जुन्या पद्धतीच्या शौचकुपाला प्रत्येक वेळी दहा लिटर पाणी लागत असेल आणि माणूस दिवसातून पाच वेळा जात असेल, तर तेवढेच आणखी वीस टन. हे पाणी बंदरातून भरून न्यावे लागते, किंवा समुद्राच्या पाण्यापासून तयार करावे लागते. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते वेगळे काढण्यासाठी पाणी सूक्ष्म पडद्यातून वातावरणाच्या ५५ ते ७० पट दाबाने ढकलावे लागते, आणि त्यासाठी लागणारी वीज जहाजावर तेल जाळूनच निर्माण होते. आपली बालदी व तांब्याची पद्धत या बाबतीत मोठी काटकसरी खरी. वीस लिटरांत माणूस स्वच्छ होतो. परंतु डुलत्या जहाजावर भरलेली बालदी स्थिर राहत नाही, आणि ती कलंडली म्हणजे केबिनीतील चपलांना पहिली आंघोळ घडते.

शौचकुपाच्या पाण्यावर मात्र उत्तम उपाय सापडलेला आहे, आणि तो म्हणजे निर्वात पद्धती. १९५० नंतरच्या दशकात स्वीडनमधील योएल लिल्येंडाल या अभियंत्याने तिचा पाया घातला. जमिनीवरच्या संडासात पाण्याचा लोंढा मैल्याला उतारावरून वाहून नेतो. येथे ते काम हवा करते. नळातील हवा पंपाने काढून तेथील दाब बाहेरच्या हवेच्या निम्म्यावर आणलेला असतो. कळ दाबताच झडप क्षणभर उघडते, आणि खोलीतील हवा आपल्या अधिक दाबाने भांड्यातील सारे नळात ढकलते. हा जोर सामान्य नव्हे. पाच सेंटिमीटर व्यासाच्या नळाचे तोंड सुमारे वीस चौरस सेंटिमीटरांचे असते. दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोग्रॅम याप्रमाणे दहा किलोग्रॅम वजनाएवढा रेटा पडतो. त्यामुळे सुमारे एक लिटर पाणी पुरते. वरील हिशेबातले वीस टन दोन टनांवर येतात. शिवाय या नळाला उतार लागत नाही, तो आडवा नेता येतो आणि थोडा चढविताही येतो. ज्या लहान जहाजात एका डेकच्या तक्तपोशीत वीतभरही मोकळी जागा नसते, तेथे हा लाभ पाण्याच्या बचतीहून मोठा आहे.

या पद्धतीचे दोन दोष सांगितले पाहिजेत. झडप उघडताना होणारा आवाज दचकविणारा असतो. रात्री शेजारच्या केबिनीतला माणूसही जागा होतो. दुसरे असे की, अनेक केबिनींचे नळ एकाच मुख्य नळाला जोडलेले असतात. कोणी एकाने कापडाचा तुकडा भांड्यात टाकला की तुंबलेल्या नळाचा त्रास ओळीतील सर्वांना भोगावा लागतो. भिंतीवरची सूचना म्हणून शिष्टाचारासाठी लावलेली नसते.

न्हाणीघराची जमीन हा वरकरणी क्षुद्र, परंतु जहाजावर फार नाजूक विषय आहे. घरातील मोरीला मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार पुरतो. जहाज एका बाजूला केवळ दोन अंशांनी कलले, तरी एक मीटर अंतरात साडेतीन सेंटिमीटरांचा फरक पडतो. म्हणजे कारागिराने दिलेला उतार पुसला जाऊन उलटा उतार तयार होतो, आणि पाणी मोरीकडे न जाता दाराकडे धावते. वारा एका बाजूने लागला, किंवा टाक्यांतील पाणी असमान वापरले गेले, एवढ्यानेही दोन अंशांचा कल येऊ शकतो. चांगल्या जहाजात यास्तव समोरासमोरच्या कोपऱ्यांत पाणी जाण्याची दोन भोके ठेवतात आणि दाराला चार बोटे उंच उंबरठा देतात. उंबरठा पाणी अडवितो, पण म्हाताऱ्या माणसाचा पायही अडवितो. त्यामुळे उंबरठ्याशेजारी धरावयाची भक्कम दांडी नसेल, तर ती रचना अर्धवट समजावी. रात्रीच्या अंधारात, जहाज हलत असताना, ओल्या फरशीवर घसरून हाड मोडणे ही समुद्रसफरीतील काल्पनिक आपत्ती नव्हे.

फवाऱ्यापुढे लावलेला पडदा आंघोळ करणाऱ्याच्या अंगाला का चिकटतो, हेही येथे सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील डेव्हिड श्मिट या अभियंत्याने संगणकावर गणित मांडून दाखविले की, पडणाऱ्या थेंबांमुळे हवेत आडवा भोवरा उत्पन्न होतो, त्याच्या मध्यभागी दाब कमी असतो आणि पडदा आत ओढला जातो. या संशोधनाबद्दल २००१ मध्ये त्यांना विनोदी संशोधनासाठी दिले जाणारे इग नोबेल पारितोषिक मिळाले. ऐंशी सेंटिमीटरांच्या फवारा-कोपऱ्यात सापडलेल्या उतारूला त्यात विनोद दिसत नाही. पडद्याऐवजी काचेचे वळते दार असणे ही चैन नसून उपयुक्त खर्च आहे.

वास हा सर्वांना जाणवणारा, पण ज्याचे कारण फार थोड्यांना ठाऊक असते असा दोष आहे. या न्हाणीघराला खिडकी नसते. ते बोळाच्या बाजूला, शेजारच्या न्हाणीघराला पाठ लावून बसविलेले असते आणि दोहोंचे नळ मधल्या एकाच पोकळीतून जातात. पंख्याने आतली हवा सतत ओढून घेतली, तर केबिनीतली हवा आत येते व वास बाहेर पडत नाही. दाराखाली हवेसाठी फट असते ती याचकरिता. ती टॉवेलाने बुजविणारा उतारू स्वतःचेच नुकसान करतो. मोरीखालच्या वाकड्या नळात साचलेले पाणी नळातील दुर्गंधी अडविते. केबिन बरेच दिवस बंद राहिली म्हणजे ते पाणी सुकते. अशा केबिनीत शिरल्यावर मोरीत दोन तांबे पाणी ओतणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

बंद केबिनीपासून आणखी एक धोका संभवतो, व तो वासाने कळत नाही. १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे उद्भवलेल्या साथीनंतर लिजिओनेला या जंतूचा शोध लागला. नळात साचून राहिलेल्या कोमट पाण्यात तो वाढतो, आणि फवाऱ्याच्या तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसांत शिरतो. म्हणून गरम पाणी टाकीत ६० अंश सेल्सियसच्या आसपास राखतात, ते नळांतून फिरते ठेवतात आणि अंग भाजू नये यासाठी फवाऱ्याजवळ थंड पाण्याशी मिसळणारी झडप बसवितात. गरम पाणी यावयास दहा मिनिटे लागत असतील, तर ती केवळ गैरसोय मानू नये. पाणी फिरते नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो.

नव्या जहाजात हे सारे न्हाणीघर कारखान्यातच पेटीसारखे पूर्ण करतात, यारीने उचलून जागेवर ठेवतात, आणि पाणी, सांडपाणी, हवा व वीज यांची जोडणी करतात. जुने जहाज सहलीसाठी फिरविताना ही सोय नसते. नवा नळ न्यावयाचा तर जलरोधक पोलादी भिंतींना भोके पाडावी लागतात आणि प्रत्येक भोक पुन्हा पाणी व आग यांना दाद देणार नाही असे बुजवावे लागते. जुन्या बोटींच्या काही वर्गांत सामायिक न्हाणीघरे राहतात, याचे कारण केवळ मालकाचा कंजूषपणा असे मानता येत नाही.

शेवटी मैला. आंतरराष्ट्रीय समुद्रसफर करणाऱ्या जहाजांसाठी केलेले यासंबंधीचे नियम २००३ पासून अंमलात आहेत. शुद्ध न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरांच्या आत सोडता येत नाही. दळून व जंतुनाशन करून तो ३ सागरी मैलांपलीकडे सोडता येतो. किनारा धरून चालणाऱ्या जहाजाला म्हणून मोठी टाकी किंवा शुद्धीकरणाचे यंत्र बाळगणे भाग पडते. नदीत तर किनाऱ्यापासून दूर जाणे अशी गोष्टच नाही. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून दिब्रुगडकडे निघालेल्या ‘गंगा विलास’ या नदीवरील जहाजावर शुद्धीकरणाचे यंत्र बसविण्यात आले ते यामुळेच. हे जहाज ६२ मीटर लांब व १२ मीटर रुंद असून त्यात अवघ्या ३६ उतारूंसाठी १८ दालने आहेत. लांबी-रुंदीच्या गुणाकाराने पाहता ‘आंग्रिया’वर माणशी साडेपाच चौरस मीटर येत होते, तर येथे वीस येतात. पहिली सफर ५१ दिवसांची होती. इतके दिवस राहावयाचे असता स्वतंत्र न्हाणीघर ही गरज ठरते. एका रात्रीसाठी तसे म्हणता येत नाही.

एका रात्रीच्या सफरीत धडधाकट तरुणाने सामायिक न्हाणीघरावर भागविले तर त्याचे फारसे बिघडत नाही, मात्र दहा-बारा माणसांमागे एक तरी असावे. वृद्ध, आजारी किंवा तान्हे मूल बरोबर असलेल्यांनी जोडलेल्या न्हाणीघरासाठी जास्त भाडे दिले, तर ते बोळातून रात्री न चालण्याचे मोल आहे. सर्वांत वरच्या वर्गात संगमरवरी कठडा व टब यांसाठी जे भाडे वाढते, त्यातून मात्र वरीलपैकी एकही अडचण दूर होत नाही. टबात दीडशे लिटर पाणी मावते आणि जहाज डुलू लागले की त्यातील बरेचसे बाहेर येते. तिकीट काढताना दालनाच्या चित्रापेक्षा नकाशा मागावा: मुख्य नळाची पोकळी उशाशी येते का, दांडी कोठे आहे, मोरीला भोके किती. हे प्रश्न ऐकून तिकीटघरातील कारकून चकित झाला तरी नकाशा त्याच्याजवळ बहुधा असतो.