एमबीबीएस की फिजिओथेरपी? मुदत, भांडवल आणि रोजीचा हिशेब

बारावीचा आणि त्यापाठोपाठ नीटचा निकाल लागला की मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी अशा मागांच्या गावांत आम्हा कापडवाल्यांच्या पेढीवर सुताच्या भावाबरोबर आणखी एक विषय निघतो. मुलाला किंवा मुलीला गुण बरे पडले आहेत, पण सरकारी मेडिकल कॉलेजात जागा मिळेल इतके नाहीत. आता करावे काय? कोणी म्हणतो, एक वर्ष आणखी बसवा. कोणी म्हणतो, दोन माग विका आणि परदेशी पाठवा. आणि शेवटी कोणीतरी हळू आवाजात म्हणतो, "नाहीतर फिजिओथेरपी आहेच."

हे "नाहीतर" आम्हाला खटकते. आम्ही डॉक्टर नाही, मास्तरही नाही. कापडाचा धंदा करणारी माणसे आहोत. परंतु कोणत्या मालात किती भांडवल किती मुदतीसाठी अडकते आणि तो माल कोणत्या बाजारात उठतो, हा हिशेब आम्हाला रोज करावा लागतो. मुलाच्या तालीमीत घरची आयुष्यभराची कमाई लागत असेल, तर तोच हिशेब तेथेही मांडला पाहिजे. गिऱ्हाईक न पाहता केवळ नाव मोठे म्हणून माल भरणाऱ्याचे काय होते, हे व्यापारी बांधवांना सांगायला नको.

मुदतीचा हिशेब

एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यावर एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता, म्हणजे एकूण साडेपाच वर्षे. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून शिकणाऱ्यास त्यानंतर एक वर्ष बंधपत्रित सेवाही द्यावी लागते. एमडी किंवा एमएस करायचे तर वेगळी प्रवेश परीक्षा आणि आणखी तीन वर्षे.

फिजिओथेरपीची, म्हणजे भौतिकोपचाराची पदवी महाराष्ट्रात आतापर्यंत चार वर्षे आणि सहा महिने आंतरवासिता अशी होती. २०२५ साली राष्ट्रीय पातळीवर जाहीर झालेल्या नव्या अभ्यासक्रमात ती पाच वर्षांची असून त्यात एक वर्षाची आंतरवासिता आहे. पुढे पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचे.

तेव्हा "फिजिओ लवकर आटोपते" हा समज फारसा खरा नाही. पहिल्या पदवीत जेमतेम वर्षभराचे अंतर आहे. खरे अंतर त्याच्या आधी आणि नंतर पडते. आधी, म्हणजे नीटसाठी घालवलेली वर्षे. नंतर, म्हणजे एमडीसाठी घालवलेली वर्षे. अठराव्या वर्षी थेट प्रवेश मिळालेला भौतिकोपचारक तेवीसच्या सुमारास कमावू लागतो. दोन वर्षे नीट पुन्हा देऊन एमबीबीएसला लागलेला आणि पुढे एमडी करणारा मुलगा तिशीला टेकतो. तोवर घराने त्याला पोसायचे असते. ज्या घरात बाप एकटा कमावता आहे आणि त्याची कंबर मागावर उभे राहून आधीच गेलेली आहे, तेथे ही सात वर्षे फार मोठी असतात.

नीटचा बाजार

नीट ७२० गुणांची असते. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. २०२४ साली तेवीस लाखांहून अधिक मुले या परीक्षेस बसली. देशातील एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर, आणि त्यांतील सरकारी साधारण निम्म्या. म्हणजे वीस मुलांत एकाच्या वाट्याला जागा, आणि परवडेल अशी जागा त्याहून कमी मुलांच्या वाट्याला. परीक्षा कितीदा द्यावी याला बंधन नाही. अनेक घरे फसतात ती येथेच. तोटा होत असलेला सौदा कधी सोडायचा, हे आधी ठरवलेले नसते.

उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी नीटचा पेपर २०१८ पासून उर्दूतही मिळतो. प्रश्न उर्दू आणि इंग्रजी दोन्हींत छापलेले असतात, मात्र भाषांतराविषयी शंका आल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो, त्यामुळे या सोयीची किंमत जाणतो. पण पुढचे शिक्षण, मग ते एमबीबीएसचे असो वा फिजिओथेरपीचे, इंग्रजीतून होते. दहावीनंतरची दोन वर्षे इंग्रजी विज्ञानाची भाषा पक्की करण्यात घालवली, तर दोन्ही वाटांवर तिचा उपयोग होतो.

महाराष्ट्रात फिजिओथेरपीचे प्रवेशही नीटच्या गुणांवर राज्य सीईटी कक्षामार्फत होतात. तेव्हा नीट द्यायचीच आहे. मात्र अर्जाच्या वेळी दोन्हीकडचे पसंतीक्रम विचार करून भरावेत. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फिजिओथेरपीतून मधूनच एमबीबीएसला जाता येत नाही. "आता येथे बसू, पुढे तेथे सरकू" असा मनसुबा असेल तर तो सोडावा.

भांडवल आणि सवलती

खाजगी महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण कॉलेजनिहाय ठरवते आणि ती जाहीर असते. दलालाच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नये, तो जाहीर आकडा पाहावा आणि त्यात वसतिगृह, खाणावळ, पुस्तके मिळवावीत. खाजगी एमबीबीएस आणि खाजगी फिजिओथेरपी यांच्या फीत कित्येक पटींचा फरक असतो.

मोमीन, अन्सारी, जुलाहा या विणकर बिरादऱ्या महाराष्ट्राच्या इतर मागास वर्गाच्या यादीत आहेत, तरी दाखले वेळेवर न काढल्याने हक्क बुडतो. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन क्रिमी लेयर ही तीन कागदपत्रे अकरावीतच हाती घ्यावीत. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने इतर मागास व आर्थिक दुर्बल घटकांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला हा लाभ नाही. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देते. व्याजाचा प्रश्न ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून सोडवावा. पण बिरादरीच्या बैतुलमालने एका मुलाची फी उचलणे यासारखे सत्कार्य नाही.

परदेशाविषयी थोडेच सांगतो. २०२१ च्या नियमांनुसार परदेशी शिक्षण किमान ५४ महिन्यांचे हवे, तेथेच बारा महिन्यांची आंतरवासिता हवी, मग भारतात पात्रता परीक्षा आणि पुन्हा आंतरवासिता. या पात्रता परीक्षेत बहुतेक वेळा निम्म्याहून अधिक उमेदवार नापास होतात. २०२२ मध्ये युक्रेनमधून हजारो मुलांना शिक्षण अर्धवट टाकून यावे लागले, हेही विसरू नये. माग भंगारात विकून ही वाट धरण्याआधी दहादा विचार करावा.

काम कोणते, बाजार कोणता

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० च्या दशकात पोलिओग्रस्त मुलांसाठी भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले; आपल्या देशातील या विद्येची ती सुरुवात. पुढे २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, पण काम संपले नाही. लकवा मारलेला हात पुन्हा चालवणे, गुडघा बदललेल्या म्हाताऱ्याला चालते करणे, जन्मतः हातपाय आखडलेल्या बाळाला बसायला शिकवणे, अतिदक्षता विभागात छातीतला कफ मोकळा करणे, ही सारी कामे भौतिकोपचारकाची. तो गोळी लिहून देत नाही, शस्त्रक्रिया करत नाही. त्याचे औषध म्हणजे त्याचे हात, व्यायाम आणि काही यंत्रे.

आमच्या गावांत या कामाला तोटा नाही. पाळीभर मागावर उभे राहून पाय आणि कंबर जाते. थानांचे गठ्ठे उचलून खांदा जातो. जमिनीवर मान घालून जरी आणि भरतकाम करणाऱ्यांची मान धरते. हे लोक मालिशवाल्याकडे जातात, वेदनाशामक गोळ्या खातात आणि शेवटी रोजी बुडते. कारागिराचे शरीर हेच त्याचे भांडवल. ते दुरुस्त करणारा हुनरमंद मोहल्ल्यात हवा.

त्यातही मुलींचा विचार विशेष करावा. या उपचारात हात लावावा लागतो, रोज अर्धा-पाऊण तास, कधी महिनाभर. आमच्या अनेक भगिनी पुरुषाकडून हा उपचार घेत नाहीत आणि बाळंतपणानंतरची कंबरदुखी किंवा लकव्याचा आजार तसाच अंगावर काढतात. शिकलेली मुलगी एका खोलीत, एक पलंग आणि दोन-तीन यंत्रांवर काम सुरू करू शकते, घरी जाऊन रुग्ण पाहू शकते. ही गरज आहे आणि ती भागवणारे थोडे आहेत. व्यापारी भाषेत यालाच बाजार म्हणतात.

पण दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. अनेक खाजगी रुग्णालयांत भौतिकोपचारकाचा सुरुवातीचा पगार इतका थोडा असतो की साडेचार वर्षे शिकून हेच का, असे घरचे म्हणतात. पहिली काही वर्षे अनुभव आणि ओळख कमावण्यातच जातात. मानाचा प्रश्नही आहे. नावापुढे "डॉक्टर" लावावे की नाही, हा वाद चालूच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने मनाईचे पत्र काढले आणि लगेच मागेही घेतले. ज्याला ही पदवी केवळ पाटीवरच्या त्या दोन अक्षरांसाठी हवी आहे, त्याने या वाटेला न जाणेच बरे. उलट ज्या मुलाचे मन रोगाचे निदान, औषध, शस्त्रक्रिया यांतच रमते आणि ज्याचे गुण सरकारी जागेच्या जवळ आहेत, त्याला केवळ खर्चाच्या धास्तीने मागे ओढू नये. त्याला एक वर्ष जरूर द्यावे. मात्र ते एकच, आणि आधी ठरवून.

शेवटची तपासणी

प्रवेश घेण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. कॉलेज नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी किंवा अन्य मान्य विद्यापीठाशी संलग्न आहे काय. पदवीनंतर राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेत नोंदणी होईल काय. कॉलेजला स्वतःचे चालते रुग्णालय आहे काय, कारण रुग्णाशिवाय ही विद्या येत नाही. आणि मुलाने एखाद्या फिजिओथेरपी केंद्रात व एखाद्या दवाखान्यात आठ-आठ दिवस बसून काम पाहिले आहे काय.

ही चौथी गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. कापड घेताना आपण चिमटीत धरून पोत पाहतो, उजेडात धरून वीण पाहतो. मुलाची आयुष्यभराची रोजी ठरवताना केवळ लेबल पाहून सौदा करू नये. मशवरा दहा जणांचा घ्यावा, हिशेब कागदावर मांडावा, आणि मग मुलाला किंवा मुलीला समोर बसवून विचारावे, "बेटा, तुझे हात कोणत्या कामात रमतात?" त्या उत्तरात बरकत आहे, इन्शाअल्लाह.