ई-चलानचा दंड भरला. पण हे पैसे जातात कुठे? नगरच्या रस्त्यांना त्यातून काय मिळते? समजून घ्या

अहिल्यानगर : हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, गाडी चालवताना फोनवर बोलला... की ई-चलानचा मेसेज आलाच. कोणी लगेच ऑनलाइन दंड भरतो, कोणी लोकअदालतीची वाट पाहतो. पण नगर-मनमाड रस्त्यावर खड्डे चुकवत जाणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न पडतोच. आमच्या दंडातून आमचाच रस्ता सुरक्षित का होत नाही?

दंड कोणाच्या खात्यात जातो?

पावती वाहतूक पोलीस फाडतात, पण पैसे ना पोलिसांकडे राहतात, ना महापालिकेकडे. राज्यघटनेच्या कलम २६६ नुसार राज्याचा महसूल राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. तिथून तो अर्थसंकल्पाच्या मंजुरीनेच बाहेर येतो. त्यामुळे नगरमध्ये भरलेला दंड आपोआप नगरलाच परत मिळत नाही.

कोर्टात भरला तर?

तरीही पैसे सरकारी तिजोरीतच जातात. अनेक गुन्ह्यांत तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटते. दारू पिऊन गाडी चालवल्यास मात्र कोर्टाची पायरी चढावी लागते. पहिल्याच वेळी १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

मग स्वतंत्र निधी का नाही?

सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ रोजी राज्यांना रस्ता सुरक्षा निधी उभारण्याचे निर्देश दिले. त्यासाठी ३१ मार्च २०१८ ची मुदत होती. केरळने हे काम आधीच केले होते. तिथल्या २००७ च्या कायद्यानुसार तडजोड शुल्काची निम्मी रक्कम रस्ता सुरक्षा निधीत जाते. मात्र असे निधी राज्य पातळीवर असतात. कोणत्या जिल्ह्याला किती द्यायचे, हे राज्य ठरवते.

ठेकेदाराला वेगळा नियम

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १९८-अ आले. रस्त्याचे डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल निकषांप्रमाणे नसल्याने मृत्यू वा अपंगत्व आले, तर जबाबदार ठेकेदार किंवा यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होतो. हा दंड थेट मोटार वाहन अपघात निधीत जमा करायचा आहे. म्हणजे दंडाचा पैसा सुरक्षेसाठी राखून ठेवता येतो, हे कायद्यानेच मान्य केले आहे. वाहनचालकांच्या दंडाला मात्र ही अट नाही.

दंड थेट स्थानिक यंत्रणेला दिला तर?

त्यात धोका आहे. अमेरिकेतील फर्ग्युसन शहरात पोलीस आणि नगर न्यायालयाचा भर सुरक्षेपेक्षा वसुलीवर होता, असे तिथल्या न्याय विभागाच्या २०१५ च्या अहवालात आढळले. म्हणून दंड करणाऱ्याच्या हाती पैसा नको. पण तो सुरक्षेवरच खर्च व्हावा आणि हिशेब जाहीर व्हावा, हा मधला मार्ग आहे.

तुम्ही काय करू शकता?

५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमींचे पाच अपघात, अथवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. तुमच्या गावाजवळ अशी जागा असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे लेखी अर्ज द्या. तालुक्यात किती दंड वसूल झाला आणि रस्ता सुरक्षेवर किती खर्च झाला, ही माहिती माहिती अधिकारात मागा. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की पुढचा प्रश्न कोणाला विचारायचा हे कळेल.