चाकांवरच्या घराची डागडुजी

घर म्हटले की पाया, भिंती आणि छप्पर डोळ्यांसमोर येते. युरोप-अमेरिकेत मात्र गेल्या शतकात पाया नसलेले, चाकांवर उभे असलेले एक घर रूढ झाले. मोटारीच्या आतच झोपण्याची, स्वयंपाकाची आणि सामान ठेवण्याची सोय केलेल्या या वाहनाला तिकडे ‘मोटारहोम’ किंवा ‘कॅम्पर’ म्हणतात. मराठीत त्याला फिरते घर म्हणता येईल. अशी घरेही जुनी होतात, गंजतात, कोठारात किंवा अंगणात वर्षानुवर्षे पडून राहतात. मग एखादे कुटुंब त्यांतले एखादे विकत घेते आणि सुट्टीच्या दिवशी, घरच्या घरी, स्वतःच्या हातांनी त्याची डागडुजी सुरू करते. सहा महिन्यांत संपेल असे वाटणारे हे काम पुष्कळदा पाच-सहा वर्षे चालते. ते इतके का लांबते, हे फोक्सवॅगन कंपनीच्या प्रसिद्ध ‘बस’चे उदाहरण घेतल्यास नीट समजते.

या गाडीचा जन्म मोठा साधा आहे. जर्मनीतील वोल्फ्सबुर्ग येथील कारखान्यात सुटे भाग इकडून तिकडे नेण्यासाठी एक उघडी, सपाट गाडी वापरली जात असे. बेन पोन नावाच्या डच व्यापाऱ्याने ती पाहिली आणि १९४७ साली आपल्या वहीत एका पेटीसारख्या वाहनाचे रेखाटन केले. पुढे चालक, मागे इंजिन आणि मध्ये सगळी मोकळी जागा, अशी ती कल्पना होती. मार्च १९५० मध्ये उत्पादन सुरू झाले. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या कंपनीने या मोकळ्या जागेत बसेल असे लाकडी सामान तयार केले. आठवडाभर मालवाहू आणि सुट्टीच्या दिवशी घर, असा त्या गाडीचा दुहेरी संसार सुरू झाला. पुढची काच दोन तुकड्यांची असलेली पहिली पिढी १९६७ पर्यंत आणि एकसंध, फुगीर काचेची दुसरी पिढी १९७९ पर्यंत जर्मनीत तयार होत होती. ब्राझीलमध्ये तर हे उत्पादन २०१३ च्या अखेरीपर्यंत चालू राहिले.

भारतालाही ही गाडी अगदीच परकी नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांत युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडून जे तरुण प्रवासी भारतात येत, त्यांच्यापैकी कित्येकांचे घर म्हणजे अशीच एखादी जुनी बस असे. त्यांतल्या अनेकांचा प्रवास गोव्याच्या किनाऱ्यावर येऊन थांबे. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि तो खुष्कीचा मार्ग बंद पडला.

आज अशी गाडी विकत घेणाऱ्याला सर्वांत आधी दिसतात ते पडदे, गाद्या आणि रंग. खरे तर याच गोष्टी सर्वांत शेवटी पाहायच्या असतात. या गाडीला ट्रकसारखा वेगळा सांगाडा नाही. खालचे लांब पोलादी दांडे, जमिनीचा पत्रा आणि बाजूचे पत्रे एकमेकांना वेल्डिंगने जोडून सगळी गाडी एकजीव केलेली असते. त्यामुळे पत्रा गंजला की केवळ सौंदर्य जात नाही, तर गाडीला उभे ठेवणारी ताकदच जाते. युरोपात हिवाळ्यात रस्त्यांवरचे बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. हे खारे पाणी चाकांबरोबर उडून गाडीच्या पोटात, दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीत जाऊन बसते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणून जोडाच्या आत गंज धरला की जोड आतून फुगतो, उलतो आणि आणखी पाण्याला वाट करून देतो. कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या प्रदेशातून आलेल्या गाड्यांना युरोपात अधिक किंमत का मिळते, याचे कारण इथे आहे.

दाराखालचा लांब पट्टा आणि जॅक लावण्याच्या जागा हे या गाडीचे मर्मस्थान. वरून नवा रंग चकाकत असतो, पण स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबले की ते सरळ आत जाते. आधीच्या मालकाने तेथे लांबी भरून रंग फासलेला असतो. भोक बुजते, पण ताकद परत येत नाही. असा पट्टा कापून नवा बसवायचा तर त्याआधी गाडीला खालून पक्का टेकू द्यावा लागतो आणि दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी तात्पुरती जोडावी लागते. ही काळजी न घेता जुना पत्रा कापला, तर गाडी स्वतःच्याच वजनाने मधोमध किंचित खचते. नवा पत्रा त्या खचलेल्या स्थितीत जोडला जातो आणि मग दार पुन्हा कधीही नीट बसत नाही. चार-पाच मिलिमीटरची ही चूक सुधारायची म्हणजे केलेले सगळे काम पुन्हा कापायचे. जुन्या गाड्यांच्या कामात घाई किती महाग पडते याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

गंजाच्या मुळाशी पाणी असते. ते छपराच्या कडेच्या पन्हळीतून येते, पुढच्या काचेभोवतीच्या कडक झालेल्या रबरातून येते, वर उघडणाऱ्या छपराच्या सांध्यातून येते. ते जिथे शिरते तिथे दिसतेच असे नाही. काचेच्या कोपऱ्यातून शिरलेला थेंब पत्र्यामागून ओघळत जमिनीवरच्या प्लायवूडखाली साचतो आणि बाहेर येतो तो फक्त कुबट वास. म्हणून जाणकार माणूस आतले सामान, अस्तर आणि जमीन सगळे आधी काढून टाकतो. मग एकजण आत बॅटरी घेऊन बसतो आणि दुसरा बाहेरून खालून वर, एकेका सांध्यावर पाणी सोडत जातो. पाणी वरून सोडले तर ते सगळीकडे ओघळते आणि चोर सापडत नाही. ही गळती बंद होण्यापूर्वी नवे लाकूडकाम करणे म्हणजे नव्या लाकडाला ओल लावून ठेवणे होय.

इंजिनाची गोष्ट थोडी वेगळी आहे. दुसऱ्या पिढीपर्यंतच्या या गाड्यांचे इंजिन पाण्याने नव्हे, तर पंख्याच्या वाऱ्याने थंड होते. रेडिएटर नाही, त्यामुळे त्याची गळतीही नाही. पण वाऱ्याची वाट मात्र अचूक राखावी लागते. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि कडेची रबरी पट्टी वरची थंड हवा आणि खालची तापलेली हवा यांना वेगळे ठेवतात. ‘काही उपयोगाची दिसत नाही’ म्हणून ती पट्टी कोणी फेकून दिली, तर खालची गरम हवाच पुन्हा पंख्यात शिरते आणि इंजिन तापत जाते.

याहून गंभीर धोका पेट्रोलच्या नळीचा. टाकी आणि इंजिन जवळजवळ असतात. मधली रबरी नळी उष्णतेने कडक होते, तडकते आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ठिबकते. आजच्या पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला अधिकच लवकर खराब करते. यांतल्या अनेक इंजिनांचा मुख्य भाग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे. एकदा तो पेटला की पाण्याने विझत नाही. जळत्या मॅग्नेशियमवर पाणी पडले तर हायड्रोजन वायू तयार होतो आणि आग भडकते. अनेक जुन्या बस अशा रीतीने काही मिनिटांत कोळसा झाल्या आहेत. तेव्हा गाडी हाती आल्यावर पहिला खर्च कोणता, याचे उत्तर वादातीत आहे: इथेनॉलला टिकणाऱ्या नव्या नळ्या, त्यांच्या घट्ट पकडी आणि अग्निशामक. तो अग्निशामकही मागे इंजिनाजवळ न ठेवता दाराजवळ ठेवायचा, कारण आग लागते ती मागेच.

हे सारे सर्वसामान्य माणूस शिकतो कुठे? १९६९ साली जॉन म्यूर या अमेरिकी अभियंत्याने, हातात पाना कधी न धरलेल्या माणसालाही फोक्सवॅगन दुरुस्त करता यावी म्हणून एक पुस्तक प्रसिद्ध केले. ‘हाऊ टू कीप युवर फोक्सवॅगन अलाइव्ह’ हे त्याचे नाव. पीटर अ‍ॅशवांडेन यांच्या गमतीदार चित्रांनी सजलेल्या या पुस्तकात कारखान्याच्या पुस्तिकेतली कोरडी भाषा नाही. कोणते हत्यार घ्यायचे, कोणता बोल्ट आधी सैल करायचा, असे पायरीपायरीने सांगितलेले आहे. शाळेत किंवा गॅरेजमध्ये शिकण्याची संधी न मिळालेल्या कितीतरी लोकांनी हे पुस्तक तेलकट हातांनी शेजारी ठेवून पहिले इंजिन खोलले. त्याच्या जोडीला आणखी एक साधी सवय उपयोगी पडते. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यायचे, त्याचे बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून पिशवीवर नाव लिहायचे. आज लख्ख आठवणारी गोष्ट तीन वर्षांनी, जोडणीच्या वेळी, मुळीच आठवत नाही.

पत्रा आणि इंजिन मार्गी लागल्यावर घराचे काम सुरू होते. येथे वजनाचा विचार आधी. चांगले जाड सागवानी कपाट घरात शोभते, पण गाडीत ते प्रत्येक चढावर इंजिनाला ओढावे लागते आणि प्रत्येक उतारावर ब्रेकला थोपवावे लागते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पन्नास लिटरची टाकी भरली की एक माणूस जादा बसला असे समजावे. म्हणून पातळ, हलके प्लायवूड वापरतात आणि शेवटी सामानासह गाडी वजनकाट्यावर नेऊन कारखान्याने ठरवलेली मर्यादा ओलांडली नाही ना, हे पाहतात.

विजेच्या बाबतीत घरातला अनुभव फसवतो. ६० वॅटचे उपकरण घरातल्या २३० व्होल्टवर पाव अ‍ॅम्पिअरपेक्षा किंचित जास्त प्रवाह घेते. तेच उपकरण गाडीच्या १२ व्होल्टवर ५ अ‍ॅम्पिअर घेते. प्रवाह वीसपट झाला, म्हणजे तार तितकीच जाड हवी. नाहीतर ती तापते. प्रत्येक तारेला तिच्या जाडीप्रमाणे फ्यूज हवा. रात्रीचे दिवे आणि पंखा यांच्यासाठी दुसरी बॅटरी बसवतात. इंजिन चालू असतानाच ती मुख्य बॅटरीला जोडली जाईल अशी व्यवस्था रिलेने करतात. ती नसेल तर रात्रभर दिवा जळतो आणि सकाळी गाडीच सुरू होत नाही.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खाली उतरतो आणि जमिनीलगत साचतो. त्यामुळे सिलिंडर ज्या बंद कप्प्यात ठेवायचा, त्याच्या तळाला बाहेर उघडणारे छिद्र असावेच लागते. ते थंड वारा येतो म्हणून कापडाने बुजवणे अत्यंत धोक्याचे आहे. बंद गाडीत शेगडी पेटवून ऊब घेणे त्याहून धोक्याचे. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. या वायूची सूचना देणारे छोटे यंत्र बसवल्याशिवाय गाडीत कोणी झोपू नये.

जुने किती राखायचे, हा प्रश्न मात्र हत्यारांनी सुटत नाही. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांना ‘एच’ अक्षराची खास नंबरपट्टी मिळते. ‘एच’ म्हणजे ऐतिहासिक. करातही सवलत असते, पण त्यासाठी गाडी तपासणीत मूळ रूपाशी प्रामाणिक ठरावी लागते. उलट, वापरासाठी दुरुस्ती करणाऱ्याला आधुनिक ब्रेक हवे असतात, चांगले दिवे हवे असतात. काही जण तर जुने इंजिन काढून विजेवर चालणारी मोटर बसवतात. जाणकारांत यावरून कडाक्याचे वाद होतात. ब्रेक आणि पट्टे यांच्या बाबतीत सुरक्षिततेला झुकते माप द्यावे, हेच योग्य. उरलेल्या गोष्टींत मालकाची आवड चालू शकते. शिवाय जुने सगळेच जपण्याजोगे नसते. त्या काळच्या ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुंकून उडवायची नसते, तर ओल्या फडक्याने टिपून घ्यायची असते.

आता काम लांबते का, हे स्पष्ट होईल. प्रत्येक पत्र्याखाली दुसरे काम दडलेले असते आणि हाताशी असतो तो आठवड्याचा एकच दिवस. पैसे साठतात तसा सुटा भाग येतो. मध्येच पाऊस येतो, आजारपण येते, परीक्षा येतात. ज्या मुलासाठी वरच्या बिछान्याची लांबी मोजलेली असते, ते मूल बिछाना तयार होईपर्यंत त्यात मावेनासे झालेले असते. अर्धवट उघडलेल्या, डब्यांत भरलेल्या गाड्या म्हणूनच नेहमी विक्रीला येतात. त्यांतल्या बहुतेक गंजाने हरलेल्या नसतात; मालकाचा उत्साह आधी संपलेला असतो. अनुभवी लोक यासाठी गाडी एकदम सगळी उघडत नाहीत. एका हिवाळ्यात ब्रेक, दुसऱ्यात डावी बाजू, तिसऱ्यात छप्पर असे करतात आणि दर उन्हाळ्यात, आत नुसती सतरंजी टाकून का होईना, घरच्यांना घेऊन एखाद्या तळ्याकाठी जाऊन येतात. काम त्यामुळे थोडे अधिक लांबते, पण गाडी गाडी राहते.

पहिल्या लांबच्या प्रवासाआधी टायरही पाहून घ्यावे लागतात. नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयाने जीर्ण होते. २००० सालापासून टायरच्या बाजूवर चार अंक छापलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे ‘२३१२’ असेल तर टायर २०१२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. गाडी परत आली की इंजिन रात्रभर थंड होऊ देतात, तेल बदलतात, व्हॉल्व्हमधले अंतर तपासतात, सगळे नवे बोल्ट एकदा पुन्हा आवळतात. तोवर डाव्या खिडकीखाली ओलीचा एक छोटासा डाग दिसलेला असतो आणि वहीत पुढच्या हिवाळ्याचे पान उघडले जाते.